मेणाचा दोरा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा नदीला अजून नाव पडलं नव्हतं. लोक तिला नुसतं 'पाणी' म्हणत.

त्या पाण्याच्या दोन काठांवर दोन गावं होती आणि मधे एक खोल डोह. डोह कुणाचा यावरून भांडणं फार झाली, तेव्हा राजानं एक रीत घालून दिली. जाळं टाकायचं नाही, त्यात पिल्लंसुद्धा खरवडून निघतात. वर्षातून एकदा, ठरल्या दिवशी, ज्या गावाकडे डोह आहे त्यानं खोट्या माशीनं एक मासा धरून दाखवायचा. सूर्य डोंगराला टेकेपर्यंत मासा आला नाही, तर डोह वर्षभर समोरच्या गावाचा.

खोटी माशी म्हणजे काय, तर गळावर कोंबड्याच्या मानेचं पीस दोऱ्यानं गुंडाळायचं. पिसाचे केस चहूकडे ताठ उभे राहिले, की ती पाण्यावर तरंगते आणि माशाला खरीच वाटते.

अलीकडच्या गावात या माश्या एक म्हातारी आत्या बांधायची. तिची नजर गेली, तेव्हा काम भाचीकडे आलं.

भाचीच्या हातात कसब होतं, पण पोरगी भित्री. ताटली पडली तरी दचकायची. दाराला कडी घातली का, हे पाहायला तीनदा उठायची. आत्यानं तिला सांगून ठेवलं होतं, "गळ गुळगुळीत असतो. कोरडा दोरा त्यावरून घसरतो, मेणाचा दोरा जागा धरतो. म्हणून दोरा मेणावरून ओढून घ्यायचा. एकदाच हं."

एकदाच! भाचीच्या डोक्यात सारखं तेच. एकदा ओढून पुरलं नाही तर? ऐन वेळी दोरा सुटला तर? अख्ख्या गावाच्या चुली त्या डोहावर पेटायच्या. मग ती दोनदा ओढायची. दोनदा ओढलाच आहे, तर तिसऱ्यांदा काय बिघडतं? बांधून झाल्यावर वरून मेणाचं बोटही फिरवायची. अशा तिनं बारा माश्या बांधल्या. मेणाचा लाडवाएवढा गोळा होता, तो संपला. माश्या मात्र इतक्या घट्ट झाल्या, की नखानं ओढूनही दोरा हलेना. कितीतरी दिवसांनी तिला जरा बरं वाटलं.

ठरल्या दिवशी राजाचा कारभारी येऊन खडकावर बसला. समोरच्या काठावर ते गाव जमलं. भाचीच्या काकानं काठी उचलली आणि पहिली माशी पाण्यावर टाकली.

ती बुडाली.

दुसरी बुडाली. तिसरीही. समोरून कुणीतरी ओरडलं, "अहो, माश्या टाका की! खडे काय टाकताय?" हशा पिकला. बाराही माश्या टाकून होईपर्यंत ऊन उतरलं.

"इकडे आण बघू," काठावर बसलेली आत्या म्हणाली.

भाचीनं एक माशी तिच्या तळहातावर ठेवली. आत्यानं ती बोटांनी चाचपली. पिसाचे केस मेणात थिजून एकमेकांना चिकटले होते.

"ही माशी नाही गं बाई. ही मेणबत्ती आहे."

"सुटू नये म्हणून केलं, आत्या."

"सुटली नाहीच की. फक्त तरंगली नाही. नवी बांध."

"मेण... मेण संपलं."

"सगळं?" आत्या खुदकन हसली.

काका भडकला. "सूर्य टेकायला हातभर उरलाय, आणि हिला हसू येतंय!"

आत्यानं भाचीची बोटं हातात घेतली. "ही काय कमी मेणकट आहेत? चिमटीतून ओढ दोरा. एकदा."

भाचीनं दोरा चिमटीतून ओढला. दुसऱ्यांदा ओढायला हात गेला. आत्याला दिसत नव्हतं, काका सूर्याकडे बघत होता. अडवणारं कुणी नव्हतं. तरी तिनं हात मागे घेतला, पीस गुंडाळलं, गाठ मारली. माशी तिला सैलच वाटत होती. ती तशीच तिनं काकाला दिली.

माशी पाण्यावर उतरली आणि उभ्या केसांवर तरंगत राहिली. भाचीनं डोळे मिटून घेतले. खळ्‌कन पाणी फुटलं तशी ती दचकली.

मासा आला. वीतभरसुद्धा नव्हता.

"हा मासा का मासोळी?" समोरून आवाज आला.

"राजानं मासा सांगितलाय, माप नाही," कारभारी म्हणाला. त्यानं माशाच्या तोंडातून माशी सोडवून घेतली आणि मासा पाण्यात सोडून दिला. पिसं कुरतडली गेली होती. दोरा मात्र तसूभर हलला नव्हता. कारभाऱ्यानं उठून कपडे झटकले. डोह अलीकडच्या गावाकडेच राहिला.

घरी जाताना भाचीनं विचारलं, "आत्या, आणि दोरा सुटला असता तर?"

"तर सुटला असता."

"डोह गेला असता."

"हो, गेला असता," आत्या म्हणाली, आणि भाचीच्या खांद्यावर हात ठेवून चालत राहिली.

तात्पर्य : काळजी पकडीपुरती घ्यावी; त्याहून जास्त झाली, की ती कामाचेच पंख चिकटवून टाकते.