धुरपदामायचा पाट

फार फार वर्षं झाली, गोदेकाठच्या सावरखेड्यात धुरपदा नावाची राखणदारीण होती. गव्हावरची पाखरं हाकलत दिवसभर बांधांवरून फिरायचं, हेच तिचं काम. म्हातारी इतकी थकलेली, की उभ्याउभ्या डुलकी घ्यायची, असं म्हणतात. पण बसायची नाही. ती बसली की पाखरं बसलीच.

तेव्हा तीन वर्षं ओळीनं गव्हावर तांबेरा पडला. पानं गंजल्यासारखी लाल, दाणा पोचट. शेतातून गेलं की धुरपदाचं विटून पांढरं झालेलं लुगडं गेरूत बुडवल्यासारखं व्हायचं. चौथ्या वर्षी माघात पुन्हा लाली चढली आणि लोक गाव सोडायच्या गोष्टी बोलू लागले.

एक दिवस धुरपदा पाय ओढत गव्हाच्या एका कोपऱ्यातून बाहेर आली. पाहते तर लुगडं स्वच्छ. तिथल्या दहा-बारा रोपांवर नुसते वाळके ठिपके होते, ठिणग्या उडाल्यासारखे. त्यांच्या ओंब्या पिकल्यावर त्या घेऊन ती पाटलाकडे गेली.

गावाची रीत अशी, की बियाणं देखण्या रोपाचं धरायचं आणि डागी रोप गुरांना टाकायचं. पाटील म्हणाला, "माय, डागी बियाणं कोण पेरील?"

"यायच्याकडंबी तांबेरा आलता, बाबा. तो बसला तेवढी जागा पानानं सोताच वाळवली. पाहुणा आला अन् उपाशी गेला. मला दोन सालं द्या."

गाव ज्वारीच्या कण्यांवर थांबलं. मूठभराचं सूपभर झालं, सूपभराची पोती. उपाशी धुरपदानं त्यातला एक दाणा तोंडात टाकला नाही. वाईट वाटतं सांगताना, पण तिला कुणी खा म्हणालंही नाही.

तिसऱ्या वर्षी सगळ्या शिवारात तेच बियाणं पेरलं. लाल ढगासारखा तांबेरा आला. धुरपदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. लुगडं पांढरंच राहिलं. मग शेवटच्या बांधावर ती जन्मात पहिल्यांदा बसली, ती उठलीच नाही. असं म्हणतात, पाखरं तिच्याभोवती गोळा झाली, पण एकाही ओंबीला चोच लावली नाही.

अजून फाल्गुनात कापणीआधी सावरखेड्याच्या बाया पांढरं नेसून गव्हातून चालतात. लुगडं स्वच्छ राहील तिथलंच बियाणं धरतात. बांधावर एक पाट मांडतात. त्यावर कुणी बसत नाही. सगळ्यांत म्हातारी बाई पाटाला म्हणते, "बस माय. आज आम्ही राखतो."

आणि दिवस मावळेपर्यंत त्या उभ्या राहतात.