तीन वाड्यांचं मुठेल

“मग बाबा, सरस कोणतं?” त्रिंबकने पुन्हा विचारलं.

नाथबाबा समोरच्या तीन गोळ्यांकडे पाहत राहिले. 

गोळे मुठेलाचे होते. रानातले रातांबे खाऊन झाले की बिया वाळवायच्या, फोडायच्या आणि आतल्या गराचं तेल काढायचं. थंडीत ते लोण्यासारखं घट्ट होतं आणि मुठीत वळता येतं.

डोंगरावर सगळे हेच करत. पण वरची वाडी गराची पूड गार पाण्यात भिजवून घुसळी, मधली वाडी उकळी आणि खालची वाडी घाण्याला लावी. यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे. घुसळणाऱ्यांची लेक उकळणाऱ्यांच्या घरी दिली, तर सासू-सुनेचं पहिलं वर्ष रवी की चूल यातच जाई.

त्रिंबक नाथबाबांच्या मठातला सर्वांत हुशार शिष्य, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नसे. पलीकडच्या खोऱ्यात लोकांनी नवा मठ बांधला होता. तिथे गुरू म्हणून जायची त्याला भारी घाई. बाबा म्हणाले होते, खुशाल जा, पण आधी या तीन वाड्यांचं भांडण मिटव.

त्याने जीव तोडून काम केलं. बिया एकाच झाडाच्या घेतल्या, तिन्ही रीती स्वतःच्या हाताने करून पाहिल्या. घाण्याचं तेल भरपूर निघतं, पण काळपट. उकळलेलं बऱ्यापैकी निघतं, पण त्याला धुराचा वास. घुसळलेलं पांढरंशुभ्र, पण दंड भरून येतात तेव्हा कुठे मूठभर. निकाल काही लागेना.

“तुम्ही एक शब्द बोला बाबा. उद्याच निघतो.”

बाबा नुसते हसले.

तेवढ्यात मठात दूध घालणारी ठकूआजी ओसरीवर टेकली. धनगराची म्हातारी, जन्मभर अनवाणी. टाचांच्या भेगांतून रक्त येत होतं. मुठेल दिसताच तिचा चेहरा खुलला.

“बाबा, वाईच देता का? पाय टेकवंना झालाय.”

त्रिंबकने चटकन गोळ्यांवर हात धरला. “आजी, जरा थांब. निकाल लागू दे.”

कसला निकाल, ते त्याने तिला सविस्तर समजावून सांगितलं. आजीने सगळं ऐकून घेतलं.

“बरं... थांबते,” ती म्हणाली आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

बाबा उठले. त्यांनी तिन्ही गोळे उचलले, एका वाटीत टाकले आणि बोटांनी कुस्करून एकजीव केले.

त्रिंबकच्या तोंडचं पाणी पळालं. “बाबा... आता कोणतं कुठलं, ते कसं कळणार?”

बाबा आजीच्या पायाशी बसले. तिचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि भेगांत मुठेल भरू लागले. आजी संकोचून पाय सोडवू लागली. तेवढ्यात बाबांचं बोट तळव्याला लागलं आणि तिला गुदगुल्या झाल्या.

ती खुदकन हसली. मग तिला आवरेना. बोळक्या तोंडाने ती अशी हसत सुटली की बाबाही हसू लागले. स्वयंपाकघरातली माणसं बाहेर आली आणि कशाला ते न कळताच हसू लागली. त्रिंबकने ओठ घट्ट मिटून धरले होते, पण अखेर त्यालाही हसू फुटलं. फार दिवसांनी त्याला मोकळं मोकळं वाटलं.

हसू ओसरलं तशी त्याला नव्या मठाची आठवण झाली.

“पण बाबा... निकालाचं काय? मी तिकडे जाऊ की नको?”

बाबा थोडे सरकले. शेजारी जागा केली आणि वाटी त्याच्या हातात दिली.

“डावा पाय राहिलाय.”