टिपरेसाहेबांच्या पानातली अळंबी

चिपळूणचे वसंतकाका रोज रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत, आणि कोणी गोड बोललं की लगेच विरघळत. त्या दिवशी घरी आलेले वेलनेस गुरू हेरंब टिपरे अळंबीच्या कॅप्सूल त्यांच्या गळ्यात मारत होते.

रत्नप्रभाकाकूंना राहवेना. “यात नेमकी कोणती अळंबी आहे? तपासली कोणी? ह्यांच्या गोळ्यांबरोबर घेऊन रक्त जास्तच पातळ झालं तर?”

“काकू, शंभर टक्के नैसर्गिक आहे,” टिपरे हसले. “निगेटिव्ह विचार करू नका.”

काका मान डोलावत डबी उघडू लागले.

काकूंनी वाद घातला नाही. “आता जेवूनच जा,” म्हणाल्या, आणि बाजारातून आणलेल्या अळंबीची भाजी टिपऱ्यांच्या पानात वाढली.

टिपऱ्यांचा घास तोंडाशीच थांबला. “ही कुठली अळंबी? रानातली तर नाही? नीट पारखून घेतलीत ना? मला बीपीच्या गोळ्या चालू आहेत, बाधायची नाही ना?”

काकांनी हळूच डबीचं झाकण लावलं.

काकूंनी आणखी एक डाव भाजी वाढली. “शंभर टक्के नैसर्गिक आहे, टिपरेसाहेब. निगेटिव्ह विचार करू नका.”