दोन मुठींचा रहाट

फार जुन्या काळी, राजे पुष्कळ होते आणि शहाणे तेव्हाही मोजकेच होते, त्या वेळची ही गोष्ट. एका नगरात एक सुतार राहत असे. राहत असे म्हणजे पूर्वी राहत असे. पुढे त्यानं घर पिऊन टाकलं. आधी दार प्याला, मग खिडक्या, मग आढं. छप्पर बसलं तेव्हा बायको म्हणाली, "आता मला प्यायच्या आत मी निघते," आणि माहेरी गेली.

नगरातल्या निम्म्या घरांची दारं त्याच्या हातची होती. त्यातलं एकही त्याच्यासाठी उघडेना.

शेवटी टेकडीवरच्या मठातल्या माईंनी त्याला एक खोली दिली. "स्वतःचं घर होईपर्यंत राहा," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी भजनाला बसायचं, पहाटे देवाच्या आंघोळीचं पाणी काढायचं. उपदेश मी करत नाही. तो तू नगरात भरपूर ऐकला असशील."

मठाच्या विहिरीचा रहाट भलता जड. दोन्ही बाजूंना मुठी. दोघांनी मिळून फिरवला तरच हले. सुताराचा जोडीदार होता एक जुना पैलवान. कुस्तीत तो कुणाला हरला नव्हता, अफूनं मात्र त्याला चीत केलं होतं. रोज पहाटे तो सुताराच्या दारावर थाप मारी.

"ऊठ रे मिस्त्री, पुरे झालं ते करवत चालवणं! देव पारोसा बसलाय!"

"देवाला सांग, जरा थांब."

"तो थांबेल. मी नाही थांबणार."

सुतार शिव्या घालत उठे. पण उठे. पहाटे थाप पडणार, या धाकानं संध्याकाळी पाय गुत्त्याकडे वळत नसत. भजनात त्याचा आवाज बेसूर लागे. देवानं तक्रार केली नाही. असा पावसाळा गेला, थंडी गेली. बायकोचा निरोप आला: "पाडव्याला येते. शुद्धीवर दिसलास तर राहीन."

सुतार हरखला. माईंचे उपकार फेडायचे म्हणून त्यानं नवा रहाट घडवायला घेतला, एकट्याला फिरवता येईल असा.

"अरे, जुना मोडलेला नाही," माई म्हणाल्या.

संतांना लाकडातलं काय कळतं, असं मनात म्हणून सुतार हसला. नवा रहाट बसला. सगळ्यांनी वाहवा केली. पैलवान एकटाच चुटकीसरशी पाणी काढू लागला. मग उगाच कशाला कुणाची झोप मोडा, म्हणून त्यानं थाप मारायचंही सोडलं.

सुतार उन्हं वर येईपर्यंत लोळू लागला. आपल्यावाचून देवाचीही आंघोळ अडत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही, त्याची गुत्तेवाला आवर्जून वाट बघतो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो गुत्त्यात शिरला. दार त्याच्याच हातचं. जराही कुरकुरलं नाही.

पाडव्याच्या सकाळी त्याला ओढ्याच्या काठी जाग आली. तो तसाच टेकडी चढला. त्यानं नवा रहाट उतरवला, जुना बसवला, एक मूठ धरली आणि ओरडला, "पैलवान, या लवकर! देव पारोसा बसलाय!"

मागं वळून बघतो तो बायको उभी.

"काल प्यालो," तो मान खाली घालून म्हणाला.

"सांगायला नको. टेकडीच्या पायथ्यापासून वास येतोय." तिनं रहाटाकडे पाहिलं. "हा एकट्यानं फिरत नाही?"

"नाही."

तिनं पदर खोचला आणि दुसरी मूठ धरली. "आज पाणी काढू. माझ्या राहण्याचं उद्या पहाटे तू उठलास की बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या दारावर दोन थापा पडल्या, एक पैलवानाची आणि एक तिची. तो उठला. नवा रहाट माईंनी चुलीत घातला, म्हणाल्या, "लाकूड मात्र चांगलं होतं हो."

पुढं सुतारानं घर बांधलं, विहीर खोदली आणि तिच्यावर तसाच जड, दोन मुठींचा रहाट बसवला. येणारे-जाणारे हसत, एवढा कसबी सुतार आणि रहाट असा अडाणी! नवराबायको पाणी काढत आणि हसणाऱ्यालाही प्यायला देत.

तात्पर्य: सावरणाऱ्या माणसाला सोयीपेक्षा सोबत अधिक लागते.