तीन बाजूंचा घाट

फार वर्षांपूर्वी कुमुदपुरात सुयाम राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या एका पाथरवटाच्या घरी जन्मला होता.

नगराबाहेर मोठं तळं होतं. थंडी पडली की उत्तरेचे डोंगर ओलांडून चक्रवाक आणि बदकं तिथे उतरत. राजाचा पक्ष्यांवर फार जीव. ते सगळ्या नगराला नीट बघता यावेत, म्हणून त्याने तळ्याच्या चारही बाजूंना दगडी घाट बांधायला सांगितला. हेतू चांगलाच होता हो, पण पक्ष्यांना कोणी विचारलं?

चार वर्षांत बोधिसत्त्वाने तीन बाजू बांधल्या. घाट असा देखणा, की लोक पायऱ्यांवरून हात फिरवत. शेवटच्या पायरीवर त्याचं नाव कोरायचं राजाने कबूल केलं होतं. पाथरवटाचं नाव दगडावर! त्याच्या सात पिढ्यांत असं घडलं नव्हतं.

त्या थंडीत पक्षी आले, ते उरलेल्या चौथ्या काठावर दाटीवाटीने उतरले आणि चिखलासाठी एकमेकांना टोचू लागले. बाकीचे घिरट्या घालून निघून गेले. एका सकाळी बोधिसत्त्वाला आपल्याच पायरीवर मेलेला चक्रवाक दिसला. उचलला, तर छातीचं हाड बोटांना टोचलं. एवढे डोंगर ओलांडून आला आणि इथे उपाशी मेला! चिखलातले किडे, कोवळं गवत, लव्हाळ्यांचा आडोसा, सगळं आपल्या दगडांखाली गेलं, हे त्याला तेव्हा कळलं. तो तिथेच बसून रडला.

हे राजाला सांगायला निघतो म्हणताच बायको घाबरली. "अहो, तोंड आवरा. राजाच्या हौसेला नावं ठेवणार? जन्मभराच्या कष्टांची माती होईल."

"माझ्या हातून झालंय, तर मीच सांगायला हवं," तो म्हणाला.

त्याने पक्षी राजासमोर ठेवला. "महाराज, चौथी बाजू मी बांधणार नाही. बांधलेल्याही उखडू द्या."

राजा संतापला. "पक्ष्यांसाठी एवढं केलं, आणि मलाच दोष देतोस?"

"दोष माझा. दगड मी बसवले. तो चिखल म्हणजे त्यांचं ताट होतं, महाराज. आपण त्या ताटावर पायऱ्या बांधल्या."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर हे हात तोडा. ते आता तिथे दगड बसवणार नाहीत."

राजाने पक्षी हातात घेतला. तो किती हलका झालाय हे जाणवताच राजाचा चेहरा उतरला. "उखड," तो म्हणाला.

बोधिसत्त्वाने पहार स्वतः चालवली. दगड निघताना त्याचा जीव तुटत होता. पुढच्या थंडीला पक्षी आले नाहीत. त्यापुढच्या थंडीलाही नाहीत. लोक हसले. लव्हाळे रुजायला सहा वर्षं लागली, आणि मग एका सकाळी आभाळ कलकलाटाने भरून गेलं. तोवर दगडाच्या कपच्यांनी बोधिसत्त्वाचे डोळे गेले होते. तो काठावर बसून दिवसभर नुसतं ऐकत राहिला.

एवढं सांगून शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे विहाराचं तळं फरसबंद करायला निघालेला आपला उपासक नंदिवर्धन. ती पत्नी आज भिक्षुणी क्षेमंकरा आहे. आणि तो पाथरवट मी होतो. आपल्याच हातच्या सुंदर कामाविरुद्धही खरं बोलणं, ती सत्य पारमिता, सत्याची पूर्णता."