राखून ठेवलेले ठोके

फार जुनी गोष्ट. एका रानात समजूत होती की छातीत ठोके मोजूनच घातलेले असतात, पळालं की संपतात. म्हणून सांबरदादा सावली सोडत नसत.

भुरी भेकर मात्र तापातून उठली आणि टेकडी चढू लागली. पहिल्या दिवशी चार पावलांतच तिनं बसकण मारली. दुसऱ्या दिवशी पाच चालली.

"अगं, मरशील!" सांबरदादा ओरडले.

"मरेन, पण बसून नाही."

चैत्रात वणवा पेटला. भुरी धापा टाकत माथ्यावरच्या उघड्या कातळावर पोचली आणि लगेच सावरली. सांबरदादा अर्ध्या वाटेतच कोसळले होते. ती परत खाली उतरली आणि त्यांना ढुशी देत म्हणाली, "जन्मभर राखलेत ना ठोके? मग काढा आता!"

रान पुन्हा हिरवं झालं, तेव्हा टेकडीच्या वाटेवर रोज दोघांचे खूर उमटत होते.