झुबीचा ओटा

तळ्याकाठी होता एक उतरता लाकडी ओटा. गुळगुळीत, चकचकीत! त्यावर झुबी खार रोज घसरायची. सुर्रर्र!

एकदा पिकली जांभळं पडली. टप टप टप! ओट्यावर डागच डाग. वर कडक ऊन. पॉलिश उडालं, लाकूड झालं खरखरीत.

झुबी घसरायला गेली. खर्रर्र! पोटच खरचटलं.

"आई गं! माझा ओटा!"

झुबी निघाली. तुरु तुरु तुरु. आली सुतारमामांकडे.

"मामा, मामा! ओटा तासा ना!"

"तासू कसा? माझा रंधा बोथट. लोहारकाका धार लावेनात!"

तुरु तुरु तुरु. आली लोहारकाकांकडे.

"काका, काका! मामा ओटा तासेनात. धार लावा ना!"

"लावू कशी? माझं पोट रिकामं. काकू भाकरी वाढेना!"

तुरु तुरु तुरु. आली काकूकडे.

"काकू, काकू! काका धार लावेनात, मामा ओटा तासेनात. भाकरी वाढ ना!"

"वाढू कशी? भाकरीला दूध नाही. म्हैस दूध देईना!"

तुरु तुरु तुरु. आली म्हशीकडे.

"म्हशीबाई, म्हशीबाई! काकू भाकरी वाढेना, काका धार लावेनात, मामा ओटा तासेनात. दूध दे ना!"

"देऊ कसं? माझी पाठ खाजते. कुणी खाजवेना!"

झुबी थांबली. आता कुणाकडे जायचं?

"कुणाकडे कशाला? मी आहे ना!" झुबी म्हणाली.

झुबी चढली पाठीवर. इवली इवली नखं. करकर करकर!

"अं... जरा इकडे. हां, तिथ्थंच!"

मग काय!

म्हशीनं दूध दिलं. चुर्र चुर्र.
काकूनं भाकरी वाढली. थप!
काका जेवले. मचमच मचमच. ढेकर दिली. आणि लावली धार. खिस खिस.
मामांनी ओटा तासला. सर्र सर्र सर्र! जांभळे डाग भुरकन उडाले. आतून निघालं नवं, सोनेरी लाकूड!

"आता तेल लावायचं," मामा म्हणाले. "पण माझा ब्रश कुठाय?"

"हा काय!" झुबीनं शेपटीच बुडवली तेलात. सप सप सप! या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ओटा दोन दिवस वाळला. सगळे बघायला आले.

"वा मामा, काय झकास ओटा केलात!" काकू म्हणाली.

"मी एकट्यानं नाही हो. ही झुबी फिरली, तिनं खाजवलं, तिनंच तेल लावलं. पहिली घसरगुंडी तिची!"

झुबीची छाती फुगली. शेपटी ताठ! ती ऐटीत वर चढली.

सुर्रर्रर्रर्र!

"मी पण घसरू?" म्हैस म्हणाली.

"नको गं बाई! तू टाळ्या वाजव."

म्हशीनं कान हलवले. फट फट फट फट!